बावटा लागला की बोट सुटत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुटीतल्या अंदमान सहलींच्या जाहिराती आपल्या अंकात सुरू झाल्या आहेत. ‘चार रात्री, पाच दिवस’ असा एक कार्यक्रम वाचला आणि गेल्या नोव्हेंबरची आठवण झाली. आमचाही बेत जवळजवळ हाच होता.

पहाटेच्या विमानाने चेन्नईमार्गे पोर्ट ब्लेअर (आताचे श्री विजयपुरम). विमानतळावरून थेट जेट्टी, तिथून बोटीने हॅवलॉक. दोन रात्री तिथे, एक नीलवर. २०१८ पासून या बेटांची नावे स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप आहेत, पण तिकीट खिडकीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी जुनीच. चौथ्या दिवशी दुपारी नीलहून परत, संध्याकाळी सेल्युलर जेल, पाचव्या दिवशी सकाळी विमान. कागदावर छान बसले होते.

चौथ्या दिवशी सकाळी नीलच्या जेट्टीवर गेलो, तर पांढऱ्या फळ्यावर सगळ्या फेऱ्यांपुढे मार्करने ‘कॅन्सल्ड’ लिहिलेले. पावसाने अक्षरे खाली ओघळली होती. आमच्यातले काही जण खिडकीवरच्या माणसाशी भांडायला गेले. ‘समोर तर पाणी शांत आहे!’ जेट्टीजवळ होतेच शांत. पण बाहेर, जिथून बोट जायची, तिथे पाणी पांढरे फुटत होते. मी मालवणचा, किल्ल्याच्या होड्या बघत वाढलो. बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे खराब हवेचा इशारा, लागला की आमच्याकडे तांडेलाशी (होडीच्या प्रमुखाशी) कोणी हुज्जत घालत नाही. (आणि खिडकीवरच्या त्या बिचाऱ्याने वारा थोडाच सोडला होता?)

दोन दिवस बोट नाही. नील म्हणजे लहानसे बेट, भाजीपाल्याचे मळे, वस्ती बहुतेक बंगाली. हॉटेलच्या स्वयंपाक्याने पाऊस बघून खिचडी आणि वांग्याचे काप केले, ते आजही जिभेवर आहेत. तक्रार त्या दोन दिवसांची नाहीच. सहाव्या दिवशी दुपारनंतर बोट सुटली, अंधार पडल्यावर पोर्ट ब्लेअरला उतरलो. विमान आदल्या दिवशीच निघून गेले होते. नवी तिकिटे मिळाली ती दुसऱ्या पहाटेची, मूळ भाड्याच्या दुपटीहून महाग. बोटीचे पैसे परत आले, विमानाचे गेले. सहल कंपनीने अटींच्या कागदातली बारीक ओळ दाखवली: ‘नैसर्गिक आपत्तीस आम्ही जबाबदार नाही.’

आपत्ती कसली? नोव्हेंबरमध्ये अंदमानात वारा सुटणे ही आपत्ती नव्हे, तो तिथला ऋतू आहे. आपल्या डोक्यात दसरा झाला की पावसाळा संपतो. बंगालच्या उपसागरात मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर हाच चक्रीवादळांचा मोठा हंगाम, आणि त्यातली कितीतरी अंदमानच्या आसपासच जन्म घेतात. २०१३ चे फायलिन तिकडचेच. डिसेंबर २०१६ मध्ये पुढे ‘वरदा’ झालेल्या वादळाने हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले, त्यांना आणायला नौदलाच्या बोटी पाठवाव्या लागल्या. नेमकी आपली दिवाळीची आणि नाताळची सुटी याच महिन्यांत येते. हे सहल काढणाऱ्यांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

आमच्यासोबत साताऱ्याकडचे एक्याऐंशी वर्षांचे आजोबा होते. किनारे, पाण्याखालचे प्रवाळ यात त्यांना काडीचा रस नव्हता. ते आले होते सावरकरांची कोठडी बघायला, आणि ती ठेवली होती शेवटच्या संध्याकाळी. पहाटे विमानतळाकडे जाताना त्यांनी ड्रायव्हरला विचारले, ‘इथून दिसतो का हो तुरुंग?’ वाट दुसरीकडून होती. विमानतळाच्या दारावर मात्र वीर सावरकरांचेच नाव. आजोबा ते वाचत उभे राहिले, ट्रॉली आम्हीच ढकलली.

माझे म्हणणे एवढेच की कार्यक्रमाचा क्रम उलटा करावा. उतरल्या दिवशी जेल बघून घ्यावा, मधे बेटे, आणि बेटांवरून परतल्यावर विमानाआधी पोर्ट ब्लेअरमध्ये एक अख्खा दिवस मोकळा ठेवावा. बोट वेळेवर आली तर तो दिवस वाया जात नाही. समोरचे रॉस बेट आहे, १८८३ पासूनची चॅथमची लाकूड गिरणी आहे. बोट नाही आली तर निदान एका दिवसाची उसंत मिळते. आमचे दोन दिवस गेले, म्हणजे विमान त्यानेही सुटलेच असते. पण आजोबांची कोठडी बघून झाली असती.

वाचकांनीही पैसे भरण्याआधी एवढे विचारावे: शेवटच्या बोटीनंतर विमानाआधी किती रात्री? मी या आठवड्यात एका ठिकाणी फोन करून विचारले. पलीकडची मुलगी प्रामाणिक होती. म्हणाली, ‘काका, एक रात्र वाढवली की पॅकेज दुसऱ्यांपेक्षा महाग दिसतं.’

मी तिच्याकडे फेब्रुवारीतल्या तारखा मागितल्या आहेत. दोन जागा, एक खिडकीची. आजोबा यायला तयार आहेत.

आपला,
एक वाचक, मालवण