लाइन गावची जाते, मग मुंबईतला सर्व्हर का बंद पडतो?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कापसाची वेचणी जोरात आली की आपल्याकडच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांमध्ये एक तक्रार ठरलेली असते : "लाइन गेली अन् सॉफ्टवेअर बंद पडलं." आवक, काटापावती, चुकारा हे सगळं आता वेब ॲपवर चालतं आणि ॲप असतं भाड्याच्या क्लाउड मशीनवर. ते मशीन मुंबई, पुणे किंवा हैदराबादच्या डेटा सेंटरमध्ये असतं. राळेगावच्या फीडरशी त्याचा काडीचा संबंध नाही. तरीही तक्रार खोटी नसते. खापर मात्र भलत्याच ठिकाणी, वीज कंपनीवर फुटतं.

खरं कारण साधं आहे. ॲप करून देणारा आपल्या लॅपटॉपवरून एसएसएचने (दूरच्या मशीनवर काम करण्याची सुरक्षित जोडणी) त्या क्लाउड मशीनमध्ये शिरतो, जँगो या वेब ॲप बनवण्याच्या साधनाची 'रनसर्व्हर' ही आज्ञा देतो, पोर्ट ८००० वर (पोर्ट म्हणजे मशीनचं क्रमांकाचं दार) पान उघडून दाखवतो आणि बिल लावतो. ही आज्ञा त्याच्या एसएसएच जोडणीला बांधलेली असते. त्याच्या घरची लाइन गेली, राउटर बंद पडला, की जोडणी तुटते आणि थोड्या वेळात ॲपही मरतं. म्हणजे मुंबईतला सर्व्हर खरोखरच गावच्या लाइनवर चालत असतो! 'रनसर्व्हर' फक्त तयार करतानाच्या चाचणीसाठी आहे, प्रत्यक्ष वापरासाठी नाही, हे जँगोच्या अधिकृत माहितीतच बजावून सांगितलेलं आहे.

जँगो हे पायथन भाषेतलं मोफत फ्रेमवर्क २००५ पासून सर्वांसाठी खुलं आहे. दोष त्याचा नाही, मांडणीचा आहे. नीट मांडणी जिनिंगसारखी असते. एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर म्हणजे फाटकावरचा माणूस : येणारी प्रत्येक गाडी तो घेतो, फोटो आणि स्टाइलच्या फाइली स्वतःच देऊन टाकतो, बाकीचं काम आत पाठवतो. आत गनिकॉर्न या पायथन ॲप चालवणाऱ्या सर्व्हरचे 'वर्कर' म्हणजे रेचे (सरकी काढणारी यंत्रं), ते जँगोचा कोड चालवतात. पोस्टग्रेस हा डेटाबेस म्हणजे गोदाम. आणि या सगळ्यांवर सिस्टमडी हा मुकादम, कोणी पडला की त्याला पुन्हा उभा करणारा. पडद्यावर '५०२ बॅड गेटवे' दिसलं तर समजावं की फाटकावर माणूस आहे, पण आतले रेचे बंद आहेत.

मशीन केवढं घ्यावं? हजारभर सभासदांच्या कंपनीला २ कोअर (प्रोसेसरचे भाग), २ जीबी मेमरी आणि २५ जीबी डिस्क सहसा पुरते. पैसे वाचवायला १ जीबीचं घेतलं तर आधी २ जीबीची स्वॅप फाइल (डिस्कवरची राखीव मेमरी) करावी. नाहीतर ऐन गर्दीत मेमरी संपते, लिनक्स (मशीनची ऑपरेटिंग सिस्टम) स्वतःच एखादी प्रक्रिया, म्हणजे चालू प्रोग्रॅम, मारून टाकतो आणि बळी बहुधा पोस्टग्रेस किंवा गनिकॉर्नचा जातो. वर्कर किती ठेवायचे, याचा प्रचलित हिशेब कोअरच्या दुप्पट अधिक एक, म्हणजे २ कोअरला ५. पण १ जीबीच्या मशीनवर हा हिशेब विसरून २ किंवा ३ वरच थांबावं.

उबुंटू २४.०४ (लिनक्सचाच एक प्रकार) घेतलं तर त्यात पायथन ३.१२ आणि पोस्टग्रेस १६ येतं. जँगो ५.२ ही दीर्घ पाठिंब्याची आवृत्ती दोन्हींवर चालते आणि तिला एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. इथे जुनी टिपणं पाहून काम करणारे हमखास तीन ठिकाणी अडतात. पहिलं, थेट 'पिप'ने (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) पॅकेज टाकायला गेलं की उबुंटू नकार देतं. ती अडवणूक बळजबरीने मोडू नये, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (ॲपपुरतं वेगळं पायथन फोल्डर) करून त्यात टाकावं. दुसरं, पोस्टग्रेस १५ पासून 'पब्लिक' स्कीमात (डेटाबेसमधला सामाईक कप्पा) टेबल करण्याचा सरसकट अधिकार काढला आहे, म्हणून 'मायग्रेट' (डेटाबेसात टेबलं तयार करणारी जँगोची आज्ञा) करताना परवानगी नाकारल्याचा संदेश येतो. डेटाबेस तयार करतानाच ॲपच्या युजरला त्याचा मालक करावं. तिसरं सगळ्यात चकवणारं : कोड होम फोल्डरमध्ये ठेवला की उबुंटूच्या २१.०४ नंतरच्या आवृत्त्यांत एन्जिनएक्सला तिथे शिरताच येत नाही, कारण होमची परवानगी ७५० (मालक आणि त्याच्या गटाशिवाय कोणालाच प्रवेश नाही) असते. मग सॉकेटसाठी (एन्जिनएक्स आणि गनिकॉर्नमधली जोडणी) ५०२, नाहीतर फोटोंसाठी ४०३ (प्रवेश नाकारला). लोक चिडून ७७७ (सगळ्यांना सगळे अधिकार) करून मोकळे होतात, म्हणजे घराचं दारच काढून ठेवतात. कोड 'एसआरव्ही' फोल्डरमध्ये ठेवला तर ही भानगडच उरत नाही.

सिस्टमडीची सर्व्हिस फाइल जेमतेम पंधरा ओळींची असते. तीत ॲपचा वेगळा युजर (सर्वाधिकारी 'रूट' कधीही नाही), कोडचं फोल्डर, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधल्या गनिकॉर्नचा पूर्ण पत्ता आणि 'रिस्टार्ट' पुढे 'ऑलवेज' एवढं हवं. त्यानंतर 'स्टार्ट' सगळेच करतात, 'एनेबल' (मशीन सुरू होताच ॲप आपोआप उठवणारी आज्ञा) विसरतात. मग कधीतरी मशीन रीबूट होतं आणि ॲप उठत नाही. अशा वेळी ॲप करून देणाऱ्या मुलाला फोन लावावा, तर तो कुठल्यातरी लग्नात असतो.

गनिकॉर्न ३० सेकंदांत उत्तर न देणाऱ्या वर्करला मारतो. रोजच्या नोंदीला सेकंदही लागत नाही, पण हंगामअखेरीस सगळ्या सभासदांच्या चुकाऱ्याची एक्सेल मागितली की नेमकं तेव्हाच ५०२ येतं. वेळ १२० सेकंद करणं हा तात्पुरता उपाय (एन्जिनएक्सची ६० सेकंदांची मर्यादाही सोबत वाढवावी लागते). खरा उपाय म्हणजे ती यादी रात्री मागच्या बाजूला तयार करून ठेवणं. तसंच सातबारा किंवा पासबुकाच्या फोटोचं. एन्जिनएक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, आणि आजच्या फोनचा फोटो ३-४ एमबीचा. शेतकऱ्याला '४१३' (फाइल फार मोठी) दिसतं, आणि केंद्रावरचा ऑपरेटर त्याला सांगतो, "रेंज नाही." ही मर्यादा १० एमबी करायला एक ओळ पुरते.

जँगोचं 'डीबग' (चूक शोधायला सगळा तपशील दाखवणारी सोय) चालू ठेवणं हा तर साथीचा रोगच आहे. चालू असेल तर चूक होताच कोडचे तुकडे आणि फाइलींचे पत्ते जगाला दिसतात. ते बंद न करण्यामागचं कारण मात्र आळस नसतो, भीती असते. बंद केलं की ॲडमिनचं पान रंगरूप गेल्यासारखं उघडंबोडकं दिसतं, कारण स्टाइलच्या फाइली जँगो स्वतः द्यायचं थांबवतो. घाबरून पुन्हा चालू केलं जातं. 'कलेक्टस्टॅटिक' (त्या फाइली एका फोल्डरमध्ये गोळा करणारी आज्ञा) चालवून एन्जिनएक्सला ते फोल्डर दाखवलं की काम भागतं. सोबत 'अलाउड होस्ट्स'मध्ये (ॲप कोणत्या पत्त्यांवर चालेल याची यादी) आपलं डोमेन लिहावं, नाहीतर प्रत्येक पानावर '४००' ही चूक. आणि 'टाइम झोन' आशिया-कोलकाता करावा. जँगो नवीन प्रकल्पात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतो, जो आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. रात्रभर रांगेत थांबलेली गाडी पहाटे ४ वाजता काट्यावर चढली तर नोंद आदल्या दिवसाच्या तारखेत पडते. भाव रोज बदलतो, तेव्हा हा वाद पैशांचा होतो.

डेटाबेसबद्दल एवढंच, की जँगो नवीन प्रकल्पात मुळात ठेवतो ते एसक्यूलाइट एका वेळी एकालाच लिहू देतं. एका काट्यावर ठीक, पण तीन काटे एकदम चालले की 'डेटाबेस लॉक्ड'. पोस्टग्रेस पहिल्या दिवसापासून घ्यावं, त्याचं पोर्ट ५४३२ बाहेर उघडू नये.

बाहेर फक्त २२ (एसएसएच), ८० (साधी वेब) आणि ४४३ (सुरक्षित वेब) हे पोर्ट उघडे असावेत. यूएफडब्ल्यू फायरवॉल चालू करण्याआधी ओपनएसएसएचला (म्हणजे पोर्ट २२ ला) परवानगी द्यावी. क्रम उलटा झाला तर आपण स्वतःच बाहेर कुलूपबंद. एसएसएच पासवर्डने नको, किल्लीने (की-फाइलने) हवं, कारण २२ वर दिवसरात्र अनोळखी यंत्रं पासवर्ड चाचपत असतात. लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र (साइट सुरक्षित 'एचटीटीपीएस'वर चालवणारं) ९० दिवस टिकतं आणि सर्टबॉट हा प्रोग्रॅम ते आपोआप नवं करतो. पण नेहमीच्या पद्धतीत त्याला ८० उघडं लागतं. कोणीतरी 'सुरक्षेसाठी' ८० बंद करतं, त्या दिवशी काही होत नाही, आणि एक ते तीन महिन्यांनी साइटवर धोक्याचा इशारा झळकतो. तोवर ८० कोणी बंद केलं हे कोणाला आठवत नाही.

आपल्या भागात आणखी एक काळजी. मोबाइलच्या रेंजवर बसून 'मायग्रेट' किंवा उबुंटूचं अपग्रेड चालवायचं असेल तर आधी 'टीमक्स' उघडावं. जोडणी तुटली तरी काम मशीनवर सुरू राहतं, परत येऊन तिथूनच पाहता येतं.

यात तंत्राइतकाच मालकीचा मुद्दा आहे, आणि संचालक मंडळांनी तो अजून मनावर घेतलेला दिसत नाही. क्लाउडचं खातं, डोमेन आणि किल्ली कंपनीच्या नावावर, कंपनीच्या ईमेलवर हवी. ॲप करणाऱ्याला वेगळा प्रवेश द्यावा. नाहीतर बिल थकलं किंवा भांडण झालं की सभासदांचे बँक खाते क्रमांक परक्याच्या ताब्यात, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याखाली जबाबदारी मात्र कंपनीचीच.

शेवटचा हप्ता देण्याआधी अध्यक्षांनी करून घेण्याजोग्या तपासण्या आहेत, त्यांना संगणकाचं ज्ञान लागत नाही. साइटच्या पत्त्यापुढे काहीतरी वेडंवाकडं टाइप करा. पिवळ्या पट्टीचं, कोडच्या पत्त्यांची यादी दाखवणारं पान आलं तर डीबग चालू आहे. फोनने काढलेला मोठा फोटो चढवून पाहा. मग ॲप करणाऱ्याला समोर बसवून मशीन रीस्टार्ट करायला सांगा आणि त्याचा लॅपटॉप बंद करून ठेवा. दोन-तीन मिनिटांत साइट आपोआप उघडली पाहिजे. आणि काल रात्रीचा पीजी-डंप (पोस्टग्रेसमधल्या माहितीची प्रत) दाखवायला सांगा. तो त्याच मशीनवर असेल तर तो बॅकअप नव्हे. दुसऱ्या ठिकाणाहून आणून, रिकाम्या डेटाबेसात भरून, एका सभासदाची कालची काटापावती उघडून दाखवली तरच सही करा.

आपला,
एक संगणक व्यावसायिक वाचक
ता. राळेगाव, जि. यवतमाळ