तांबडा नकाशा आणि आपलं खाजन

माशेल, गोवा

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू पाठवलेला नकाशा मी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिला. मांडवीपासून कुंभारजुव्याच्या खाडीपर्यंत सगळं तांबडं, आणि त्या तांबड्यात आपलं खाजन, खाडीकाठचं भातशेत. खाली तू लिहिलंयस, 'बाबा, २०५० पर्यंत हे सगळं बुडणार आहे, वेळेत विकून टाका.' अर्ध्या तासाने तुझ्या काकाचा व्हिडिओ आला, की तापमानवाढ हे थोतांड आहे. त्याला तू दिलेलं उत्तरही वाचलं. शब्द जरा जपून वापरायला हवे होतेस, काका आहे तो तुझा. पण हे पत्र त्यासाठी नाही. तुम्ही दोघं एकाच ठिकाणी चुकलात असं मला वाटतं आणि ते फोनवर धड सांगता येत नाही. मृगाचा पाऊस लागलाय, सकाळपासून वीज नाही, म्हणून निवांत लिहायला बसलो.

आधी तुझा नकाशा. खाजन म्हणजे काय हे तू लहानपणी बांधावर बसून पाहिलं आहेस. ती जमीन भरतीच्या पातळीच्या खालीच आहे, आज नव्हे, शेकडो वर्षांपासून. जुन्या लोकांनी चिखल, पेंढा आणि चिरे घालून बांध घातले, मानशीला, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेला, लाकडी दारं बसवली. बाहेर भरती चढली की पाण्याच्या दाबाने दार मिटतं, ओहोटीला उघडतं आणि आतलं पाणी निघून जातं. म्हणून तिथे कोरगुट भात पिकतं. आता जो नकाशा फक्त जमिनीची उंची आणि पाण्याची पातळी यांची तुलना करतो, तो खाजन तांबडं दाखवणारच. त्याला २०५० ची वाट बघायला नको, आजच्या भरतीलाही ते तांबडंच दिसेल.

तू पाठवलंस ते चित्र होतं, कोणीतरी नकाशातून कापून काढलेलं. असे नकाशे क्लायमेट सेंट्रल नावाची अमेरिकेतली संस्था करते आणि त्यांच्या मूळ पानावर स्वच्छ लिहिलेलं असतं की हा प्राथमिक चाचपणीचा नकाशा आहे, उंचीच्या मोजणीत चूक असू शकते, आणि पूर प्रत्यक्षात कसा वाहील याचं गणित यात नाही. करणाऱ्याने मर्यादा सांगितली होती. चित्र हातोहात फिरत तुझ्यापर्यंत येताना ती मागे राहिली, तांबडा रंग तेवढा आला.

म्हणून नकाशा खोटा म्हणून मोकळी होऊ नकोस. त्यामागचं काम गंभीर आहे. २००० साली अवकाशयानातून जगभरच्या जमिनीची उंची मोजली, तेव्हा झाडांचे शेंडे आणि घरांची छपरंही जमिनीत धरली गेली. त्यामुळे किनाऱ्यावरचे सखल भाग आहेत त्यापेक्षा उंच वाटत होते. ती चूक दुरुस्त करून या लोकांनी २०१९ मध्ये नवे आकडे मांडले आणि धोक्यात असलेली वस्ती आधीच्या अंदाजाहून कितीतरी जास्त निघाली. तेव्हा आपल्यासाठी प्रश्न 'बुडणार की नाही' असा नाही. बांधाला किती जास्त पाणी पेलावं लागेल, आणि तो बांध कोण राखणार, हा आहे.

आता माझी गोष्ट सांगतो, ती तुला ठाऊक नाही. दोन वर्षांपूर्वी कूळ संघाच्या, म्हणजे खाजन कसणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांच्या, बैठकीत मी उभा राहून सांगितलं होतं की आपल्या समुद्राची पातळी वर्षाला ३.३ सेंटीमीटर वाढते आहे, बांध ताबडतोब उंच करायला हवा. एका लेखात वाचलं होतं, भाषा जाणत्याची होती, आणि मला बांधाचं काम व्हायलाच हवं होतं. मानस सांभाळणारे म्हातारे कोपऱ्यात बसले होते. ते शांतपणे म्हणाले, 'भाई, तशें आसलें जाल्यार धा वर्सांनी एक फूट उदक चडपाक जाय. मानस आसा थंयच आसा.' दहा वर्षांत फूटभर पाणी चढलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बैठकीत पुढे माझं कोणी ऐकलं नाही. घरी येऊन मूळ शोधलं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये भारताच्या हवामानबदलाचा अहवाल काढला. त्यात उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला ३.३ मिलिमीटरने वाढली असं आहे. मिलिमीटर! लेख लिहिणाऱ्याने एकक बदललं आणि मी त्याची भर सभेत ग्वाही दिली. ते मला अजून टोचतं, कारण माझ्या त्या एका आकड्यामुळे बांधाचा खरा प्रश्न वर्षभर मागे पडला.

त्या दिवसापासून आकडा दिसला की मी आधी हातावर गणित करतो. इतक्या वर्षांत इतकं, मग आजवर किती व्हायला हवं होतं? पुष्कळ खोटं तिथेच उघडं पडतं.

पण म्हाताऱ्यांचा डोळाही शेवटचा निवाडा नव्हे, बाय. आपल्याकडे उधाणाला भरती-ओहोटीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. त्यात दहा वर्षांचे तीन-साडेतीन सेंटीमीटर कोणाच्या नजरेला दिसणार? 'मला तर काही फरक दिसत नाही' हे तुझ्या काकाचं लाडकं वाक्य इथेच लंगडं पडतं. त्याला वर्षानुवर्षं एकाच जागी पाणी मोजणारं यंत्र लागतं, तसं मुरगाव बंदरात आहे. म्हणून कोणी काही सांगितलं की मी एवढंच विचारतो : मोजलं कोणी, कशाने, किती वर्षं, आणि ते लिहून कुठे ठेवलंय?

काकाचा व्हिडिओ मी दोनदा पाहिला. त्यात दोन गोष्टी वजनदार होत्या आणि तू दोन्हींवर नुसती चिडलीस.

पहिली, एकतीस हजार शास्त्रज्ञांनी सही करून तापमानवाढ नाकारली. हे निवेदन खरंच आहे, १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेलं. पण सही करायला विज्ञानाची कुठलीही पदवी पुरत होती. डॉक्टर आले, इंजिनियर आले, हवामानावर आयुष्य घालवलेले मूठभर. आणखी एक गोष्ट मला जास्त खटकली. त्यासोबत वाटलेला लेख अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकासारखाच छापला होता, तीच अक्षरं, तीच मांडणी. अकादमीला त्याच वर्षी जाहीर करावं लागलं की याच्याशी आमचा काही संबंध नाही. मजकुरावर पूर्ण विश्वास असलेला माणूस दुसऱ्याचा अंगरखा घालत नाही. म्हणून पानाची देखणी मांडणी, नावातला 'इन्स्टिट्यूट', पत्त्याच्या शेवटचं ओआरजी, यावर जाऊ नकोस. त्याच पानावर 'आमच्याविषयी' वाचत बसण्यापेक्षा ते पान सोड आणि इतर लोक त्यांच्याविषयी काय सांगतात ते बघ. सोयरीक जुळवताना आपण चौकशी त्या घराच्या शेजारी करतो ना, तसं.

दुसरी गोष्ट हिमनद्यांची, आणि त्यात काका चुकलेला नाही. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या, आयपीसीसीच्या, २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे असं छापलं होतं. ते साफ चूक होतं. तो दावा तपासून छापलेल्या शोधनिबंधातून आलेला नव्हता. एका पर्यावरण संस्थेच्या अहवालातून उचललेला, आणि तिथे तो एका मासिकातल्या मुलाखतीवरून आलेला. आपल्याच देशातले भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांनी २००९ मध्ये मोजमापांच्या आधारे सांगितलं होतं की हिमनद्या इतक्या वेगाने संपत असल्याचं दिसत नाही. जानेवारी २०१० मध्ये समितीने चूक मान्य केली. तू काकाला 'हे खोटं आहे' असं लिहिलंस. ते खोटं नाही, आणि तुला ते माहीत असायला हवं होतं.

पण हेही बघ, की ही चूक सापडली कशी? अहवालात त्या वाक्याचा आधार कुठला ते लिहिलेलं होतं. लोकांनी धागा धरला आणि मुळापाशी पोचले. व्हिडिओत त्या चुकीखेरीज आणखी सात दावे आहेत, मी मोजले, आणि एकाचाही आधार दिलेला नाही. धागाच नाही तर पकडणार काय? हिमनद्या आक्रसताहेत हे पुढच्या मोजमापांनीही सांगितलं आहे. चूक होती ती तारखेची. चुकतो कोण यावरून मी कधी विश्वास मोडत नाही. चूक दाखवल्यावर तो काय करतो ते पाहतो.

पैशाचा मुद्दा तू काकापुढे फार जोरात मांडलास, की हे सगळे तेल कंपन्यांचे लोक. पैसा कोणाचा हे जरूर विचार, त्याने आपण जास्त सावध वाचतो. पण त्याने निकाल लागत नाही. बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड मुलर यांना जुन्या तापमान नोंदींबद्दल शंका होती. त्यांनी नोंदी नव्याने गोळा करून हिशेब मांडला. त्या कामाला तेलाच्या धंद्यातल्या चार्ल्स कोक यांच्या प्रतिष्ठानाचेही पैसे होते. २०१२ मध्ये मुलर यांनी जाहीर लिहिलं की वाढ खरी आहे आणि तिचं कारण जवळजवळ पूर्णपणे माणूसच आहे. असा संशय घेणारा मला हवा. काकाला त्यांच्याबद्दल सांग, तो ऐकेल. त्याला शंका घेणारी माणसं आवडतात.

आणखी एक, आणि हे तुझ्यामाझ्या बाजूच्या लोकांबद्दल. गेल्या वर्षी वरचा बांध फुटला तेव्हा एका बातमीत सरळ 'हवामानबदलाचा बळी' असं आलं. मी तिथे चिखलात उभा होतो. त्या जागेला कित्येक वर्षं कोणी हात लावला नव्हता, खेकड्यांनी भोकं पाडली होती, मानशीची एक फळी कुजली होती, आणि खनिजाच्या बार्जी जायच्या त्या काळापासून लाटांनी कड खचलेली. वाढतं पाणी हे त्यातलं एक कारण असेल. पण बातमीने बाकी सगळ्यांना मोकळं सोडलं. जी गोष्ट आपल्या मनासारखी असते ती आपण तपासत नाही, बैठकीत माझं तेच झालं होतं.

आपल्या सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींची आठवण येते. बुद्धाविषयी मराठीत थोडंसं वाचलं, तेवढ्यावर समाधान झालं नाही, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला घर सोडून निघाले आणि पाली शिकायला सिंहलद्वीपापर्यंत गेले. तुला घरबसल्या बोटभर अंतरावर मूळ अहवाल मिळतो. निदान त्याचा सारांश तरी वाच. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालात १९०१ ते २०१८ मध्ये जगाचा समुद्र सरासरी सुमारे २० सेंटीमीटर चढला असं आहे, आणि पुढचं सांगताना एक आकडा न देता, आपण किती धूर सोडू त्यावर अवलंबून वेगवेगळ्या मर्यादा दिल्या आहेत. ती 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' ची भाषा तुला मिळमिळीत वाटते, मला धीर देते.

खाजन मी विकत नाही. मानशीच्या खांबावर यंदा मी आणि त्या म्हाताऱ्यांनी पांढऱ्या रंगाने खूण केली आहे, सेंटीमीटरच्या रेघा आखून. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला पाणी कुठवर आलं ते वहीत लिहितो. त्याने समुद्राचं काही सिद्ध होणार नाही हे मला कळतं, पण बांध किती उंच हवा ते ठरवायला उपयोग होईल. मुरगावच्या भरतीमापकाच्या जुन्या नोंदी कुठे वाचायला मिळतात ते तू शोध, मला त्या वहीशेजारी ठेवायच्या आहेत. आणि चवथीला येशील तेव्हा चार दिवस आधी, अमावास्येलाच ये. त्या दिवशी उधाण असतं, आणि काकालाही मी बांधावर बोलावलं आहे.

आईने सोलं आणि फणसाचे पापड पाठवले आहेत, पोचले की कळव.

तुझा,
बाबा