मन्या, शनिवारी दोन नंबर

आल्बनी, गुरुवार, ५ जून २०२५

प्रिय मन्या,

तू म्हणालास शनिवारच्या बेलमाँटचं, इथल्या घोड्यांच्या मोठ्या रेसचं, नीट सविस्तर लिही, फोनवर अर्धवट नको, तर घे. पोरं झोपलीयत, समोर रेसकार्ड उघडं आहे आणि मला उत्तर आधीच सांगून टाकायचंय: दोन नंबर, सॉव्हरेन्टी. आता का ते ऐक, आणि काकांनाही वाचून दाखव, कारण ते सात नंबरच्या, जर्नलिझम नावाच्या घोड्याच्या बाजूनं भांडणार हे मला पक्कं माहितीय.

आधी एक गोष्ट, नाहीतर तुझा हिशोब चुकेल. बेलमाँट म्हटलं की आपल्या डोक्यात २४०० मीटर, १९७३ चा सेक्रेटेरियट घोडा, ३१ लेंथनं (लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी) विजय, दोन मिनिटं चोवीस सेकंद. पण लाँग आयलंडवरचा बेलमाँट पार्क पाडून नव्यानं बांधतायत, त्यामुळे गेल्या वर्षीसारखीच याही वर्षी रेस साराटोगाला आहे, आमच्याकडून गाडीनं पाऊण तासावर, आणि अंतर २००० मीटर, म्हणजे केंटकी डर्बीएवढंच. साराटोगाचा मातीचा ट्रॅक एका फेरीला साधारण १८०० मीटरचा, म्हणजे घोडे गेटातून सुटले की दोनशे मीटरवर विनिंग पोस्ट एकदा ओलांडणार आणि मग अख्खी फेरी मारून परत तिथंच येणार. पळतात डावीकडे वळत, महालक्ष्मी आणि पुण्याच्या बरोब्बर उलट. आठ घोडे, सगळे तीन वर्षांचे, सगळ्यांना १२६ पौंड, म्हणजे आपल्या इंडियन डर्बीत कोल्ट, म्हणजे तरुण नर घोडे, उचलतात ते ५७ किलोच. वजनाचं गणित इथं नाहीच, उरतं ते दम, पेस म्हणजे पुढच्यांचा वेग, आणि विश्रांती. माझं म्हणणं एवढंच आहे की या रेसचा निकाल विश्रांतीवर लागणार.

आता बघ. ३ मे ला केंटकी डर्बी झाली, पाऊस, ट्रॅक पार चिखल, फेव्हरिट (ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसे) जर्नलिझम. सॉव्हरेन्टी अठराव्या गेटातून निघाला, सुरुवातीला बराच मागे, मग बाहेरून आला आणि सरळीत, म्हणजे शेवटच्या सरळ टप्प्यात, जर्नलिझमशी जोडी लागली आणि शेवटी दीड लेंथनं काढली. तिसरा बाएझा, जर्नलिझमच्या मागे फक्त मानेएवढं अंतर. मग दोन आठवड्यांनी प्रीकनेस, आणि सॉव्हरेन्टीचे ट्रेनर बिल मॉट म्हणाले आम्ही येत नाही, घोड्याला वेळ हवाय. इथं केवढा गहजब झाला! डर्बी जिंकलेला घोडा ट्रिपल क्राउनची, म्हणजे डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट तिन्ही जिंकायची, संधी सोडतो म्हणजे काय, परंपरेचं काय, वगैरे. मला विचारशील तर मॉट शंभर टक्के बरोबर. सिगार नावाच्या घोड्याला ओळीनं सोळा रेस जिंकून देणारा माणूस आहे तो, घोडा कधी थांबवायचा हे त्याला टीव्हीवाल्यांनी शिकवायची गरज नाही. तीन वर्षांच्या पोराला पाच आठवड्यांत तीन मोठ्या रेस पळवायच्या हा हट्ट माणसांचा, घोड्याचा नाही.

जर्नलिझम मात्र प्रीकनेसला गेला आणि काय पळला रे! तू रिप्ले बघितलास का? नसशील तर आधी तो बघ आणि मग पुढचं वाच. सरळीत शिरताना दोन घोड्यांच्या मधे सापडला, क्लेव्हर अगेन आणि गोल ओरिएंटेड, दोन्हीकडून दाब, धक्काबुक्की, जॉकी अंबर्टो रिस्पोली त्याच्या पाठीवर अक्षरशः हिंदकळतोय, तोवर गॉसगर पुढे मोकळा सुटलेला, मला वाटलं संपलं. आणि हा पठ्ठ्या त्या फटीतून अंग काढून बाहेर आला, पुन्हा चाल धरली, आणि शेवटच्या काही टापांत गॉसगरला गाठून अर्ध्या लेंथनं मारली. मी घरात एकटा उभा राहून ओरडत होतो. एवढं काळीज असलेला घोडा रोज बघायला मिळत नाही. काकांना तो का आवडलाय हे मला पूर्ण कळतं, स्क्वाँडररनं १९७७ ची इंडियन डर्बी मारलेली बघितलेला माणूस, एकोणीसपैकी अठरा रेस जिंकणारा घोडा ज्यानं बघितला त्याला असाच लढवय्या आवडणार.

पण मन्या, तीच रेस मला शनिवारी त्याच्या विरोधात वाटते. डर्बी, दोन आठवड्यांनी ती मारामारी, आणि आता तीन आठवड्यांनी पुन्हा २००० मीटर, मधे इकडून तिकडे प्रवास. तिन्ही रेस पळणारा हा यंदाचा एकटाच घोडा. सॉव्हरेन्टीला तेवढ्याच काळात पाच आठवडे आराम, आणि मॉटचं बस्तान साराटोगालाच असल्यामुळे घोडा इथल्याच हवेत, इथल्याच मातीवर सकाळचं काम करतोय. ताजा घोडा आणि डर्बीत आधीच एकदा त्याला हरवलेला घोडा, तोही त्याच अंतरावर. मॉर्निंग लाईनला, म्हणजे आधी जाहीर होणाऱ्या अंदाजी भावात, जर्नलिझम ८-५ (पाचाला आठ) आणि सॉव्हरेन्टी २-१ (एकाला दोन) आहे. डर्बीविनर सेकंड फेव्हरिट! हा भाव मला फुकट दिल्यासारखा वाटतोय. जॉकी ज्युनियर अल्वाराडोच पुन्हा वर बसणार. डर्बीत चाबूक मर्यादेपेक्षा जास्त मारला म्हणून त्याला ६२ हजार डॉलरचा दंड लावलाय, इथं सहा फटक्यांच्या वर चालत नाही, आठ झाले असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे शनिवारी तो हात आवरून बसेल, पण या घोड्याला मारावं लागतं असं मला वाटत नाही, त्याला फक्त मोकळी जागा लागते.

आता धोका कुठे आहे ते सांगतो, आंधळेपणानं नको. सॉव्हरेन्टी मागून येणारा घोडा. पुढचे जोरात पळून दमले तरच मागच्याला खायला मिळतं. डर्बीत गर्दी होती, पुढचे सगळे जीव तोडून पळत होते. इथं आठच घोडे आणि पुढे जाणारा खरा एकच, तीन नंबर रॉड्रिगेझ, बॉब बॅफर्टचा. वूड मेमोरियल ही रेस त्यानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुढे राहून काढली. वर जॉकी माइक स्मिथ, वय ५९, जस्टिफाय या घोड्यावर २०१८ मध्ये ट्रिपल क्राउन केलेला. हा म्हातारा जर पुढे एकटा राहिला आणि पहिल्या हजार मीटरला रेस संथ करून झोपवली तर मग मागच्यांची पंचाईत आहे, कारण पुढचा असा न दमलेला घोडा सरळीत थांबत नाही. म्हणून मला पाच नंबर क्रूडोकडे लक्ष ठेवायचंय. जस्टिफायचंच पोर, प्रीकनेसच्या दिवशी सर बार्टन स्टेक्स ही रेस मारलेला. तो जिंकेल म्हणून नाही, तो रॉड्रिगेझच्या बाजूला जाऊन त्याला श्वास घेऊ देतो का म्हणून. सुटल्यावर विनिंग पोस्ट पहिल्यांदा ओलांडताना हे दोघं कसे आहेत ते बघ, तिथंच तुला अर्धी रेस कळेल. दोघं जोडीनं असतील तर निवांत चहा टाक, आपलं काम झालं.

आणि सहा नंबर बाएझा. याच्यावर माझा खूप जीव आहे. याची आई पुका, तिच्या पोटी मेज आला, त्यानं २०२३ ची केंटकी डर्बी जिंकली, मग डॉर्नोक, त्यानं गेल्या वर्षी इथंच साराटोगाला बेलमाँट जिंकली. एका घोडीची दोन पोरं क्लासिक, म्हणजे अशा मानाच्या रेस, जिंकलेली आणि तिसरं गेटात उभं. गंमत म्हणजे डर्बीत याला जागाच नव्हती, शेवटच्या दोन दिवसांत रॉड्रिगेझच्या पायाला लागलं म्हणून तो निघाला आणि हा आत आला, आणि थेट तिसरा. हाही प्रीकनेस न पळता आलाय, म्हणजे याचेही पाच आठवडे. सांता अनिता डर्बीत आणि केंटकी डर्बीत, दोन्हीकडे जर्नलिझमच्या मागे, पण प्रत्येक रेसला सुधारतोय. ट्रेनर जॉन शिरेफ्स, झेन्याटा या घोडीचा, घाई न करणारा माणूस, आणि जॉकी फ्लेव्हियन प्रा. ४-१ ला माझ्या मते हा दुसरा येतो आणि जर्नलिझम तिसरा. जर्नलिझमला तिसरा टाकताना हात जड झाला हे खरंय, पण हिशोब हिशोबाच्या जागी.

बाकीचे भरभर. एक नंबर हिल रोड, पीटर पॅन नावाची रेस जिंकून आलाय, चौथ्या नंबरसाठी धर. चार नंबर अनकेज्ड मला यात बसत नाही. आठ नंबर हार्ट ऑफ ऑनर इंग्लंडचा, बाप ट्रेनर आणि मुलगी सॅफी ऑस्बर्न जॉकी, प्रीकनेसला पाचवा होता. जिंकायला कठीण, पण बेलमाँट जिंकलेली बाई जॉकी आजवर एकच, ज्यूली क्रोन, १९९३, त्यामुळे सॅफी पॅडॉकमधून (रेसआधी घोडे फिरवतात तिथून) निघेल तेव्हा मी टाळ्या वाजवणार.

साराटोगाला फेव्हरिटांचं स्मशान म्हणतात ते उगाच नाही. मॅन ओ वॉरसारखा घोडा आयुष्यात एकदाच हरला, १९१९ ला, इथंच. सेक्रेटेरियट बेलमाँट मारून आला आणि १९७३ च्या व्हिटनी रेसमध्ये इथं ओनियन नावाच्या घोड्यानं त्याला हरवलं. जर्नलिझमवाल्यांना एवढं सांगून ठेव.

मेन रेसच्या आधी मेट माईल आहे, १६०० मीटर, तीही चुकवू नको. सगळे फिअर्सनेसच्या मागे असतील, आणि घोडा मोठा आहेच, गेल्या वर्षी ट्रॅव्हर्स ही रेस इथंच काढली त्यानं. पण त्याचा भरवसा देता येत नाही, एक दिवस वाघ आणि दुसऱ्या दिवशी गायब, केंटकी डर्बीत फेव्हरिट असून पंधरावा आला होता. मी तिथं रेजिंग टोरेंट धरलाय. डिसेंबरात मॅलिबू ही रेस मारली, एप्रिलमध्ये दुबईला जाऊन गोडॉल्फिन माईल मारली, सोळाशेला तो पुढे बसून पळतो आणि सोडत नाही. याच मीटिंगमध्ये जयपूर स्टेक्स नावाची हिरवळीवरची छोटी रेस पण आहे, १९६२ ची बेलमाँट जिंकलेल्या जयपूर नावाच्या घोड्याच्या नावानं. काकांना सांग, खूश होतील.

पावसाची शक्यता दाखवतायत. पडला तर माझं मत अजून पक्कं होईल, चिखलात सॉव्हरेन्टी कसा पळतो ते डर्बीत सगळ्यांनी बघितलंय.

माझे पैसे असे: दोन नंबर विन, त्यावर मोठा भाग. मग दोन आणि सहा उलटसुलट एक्झॅक्टा, म्हणजे आपला फोरकास्ट, पहिले दोन ओळखायचे. आणि थोडेसे २-६-७ ट्रायफेक्टा, आपला टनाला, पहिले तीन ओळखायचे. विनवर जमलेल्या एकूण पैशातून इथं १६ टक्के कापतात, तुमच्याकडे पूर्ण रकमेवर जीएसटी लागल्यापासून टोटवर (रेसकोर्सच्या अधिकृत खिडकीवर) खेळणाऱ्याची जी दैना झालीय ती बघून मला खरंच वाईट वाटतं, पुण्याच्या सीझनला लोक यायला हवेत रे. तू मात्र इथल्या रेसवर कुणाकडे काही लावू नकोस, नुसती बघ.

तुमच्याकडे रविवारी पहाटे साडेचारच्या सुमारास सुटेल. शुक्रवारी रात्रीपर्यंत तुझा एक-दोन-तीन पाठव आणि काकांचा वेगळा, तुझ्यात मिसळलेला नको. वहिनींना नमस्कार, काकांच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले तेही लिही. जुलैत पहिल्या रेसच्या दिवशी कॅम्पात गेलास की रेसकार्डाचा फोटो लगेच टाक.

तुझा,
अव्या