मुंग्यांचे मूळ मानेतच असते असे नाही

महोदय,

हाताला मुंग्या येणे म्हणजे मानेच्या मणक्यांचा त्रास, असे सांगणारा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. ही माहिती अपुरी आहे. हाताकडे जाणाऱ्या नसांचे जाळे मानेच्या बाजूचे स्नायू आणि पहिली बरगडी यांमधल्या चिंचोळ्या वाटेतही दाबले जाते. याला न्यूरोजेनिक थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम म्हणतात.

माझी बहीण नागपुरात शिक्षिका आहे. फळ्यावर वरच्या ओळी लिहिताना तिची करंगळी बधिर व्हायची, खडू हातातून गळायचा. दीड वर्ष तिने मानेला पट्टा बांधला. एमआरआय नॉर्मल, नसांची तपासणीही नॉर्मल. मग 'मनाचे खेळ आहेत' हेही तिला ऐकावे लागले. या आजारात हे अहवाल बऱ्याचदा नॉर्मलच येतात! अखेर एका डॉक्टरांनी दोन्ही हात वर धरून 3 मिनिटे मुठींची उघडझाप करायला सांगितली. मिनिटभरातच तिचा उजवा हात खाली आला. एवढ्यावर निदान पक्के होत नाही, पण दिशा मिळते. ही वाट आणखी चिंचोळी करणारी जादा बरगडी मानेत असल्यास ती साध्या एक्स-रेत दिसते.

बहुतेकांना आधी फिजिओथेरपीच दिली जाते. बरगडी काढण्याची शस्त्रक्रिया निवडक रुग्णांसाठी. अंगठ्याच्या बुडाचे मांस झिजू लागले तर मात्र वेळ दवडू नये. पाच महिन्यांच्या व्यायामानंतर बहीण आता सलग तास घेते.

नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांतील तज्ज्ञांकडून या विषयावर सविस्तर लेख लिहून घ्यावा, ही विनंती.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर