वरच्या मजल्यावरच्या काकूंना, एका वहीबद्दल

ती. काकू,
सा. न. वि. वि.

तुम्ही समोरासमोर आभार मानू देत नाही. मागच्या आठवड्यात जिन्यात विषय काढला तर "पुरे रे, दूध उतू जाईल" म्हणत आत गेलात. म्हणून, नोकरी घ्यायची की नाही हे ठरवायला तुम्ही जी मदत केलीत, त्याबद्दल हे सगळ्यांसमोर लिहितोय. नाटकाच्या मागे काम करणारी बरीच मुलं ठाण्या-कळव्यात राहतात, त्यांच्याही उपयोगी पडेल.

बारा वर्षं मी नाटकांचे लाइट्स सांभाळले. तिसरी घंटा होऊन प्रेक्षागृहातले दिवे उतरले की पोटात जे होतं, ते दुसऱ्या कुठल्या कामात कधी झालं नाही. आमच्या एका नाटकात म्हातारी एकटी बसून बोलते आणि तिच्या बोलण्यातच दिवस मावळतो. चाळीस सेकंदांचा क्यू, म्हणजे दिव्यांचा ठरलेला बदल. पिवळ्या दिव्याचा फेडर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची सरकपट्टी, इतका सावकाश खाली आणायचा की अंधार कधी झाला हे पहिल्या रांगेलाही कळू नये. शेवटच्या बोटभर अंतरात हात जरा हलला तर सगळं गेलं. त्या चाळीस सेकंदांसाठी मी रत्नागिरीपासून नागपूरपर्यंत बसमध्ये रात्री काढल्या, आणि आनंदाने काढल्या.

पण आमचे पैसे नाईटवर, म्हणजे प्रयोगामागे. (दुपारचा प्रयोग असला तरी तो नाईटच.) प्रयोग झाला तर पाकीट. मार्च 2020 मध्ये नाट्यगृहं बंद झाली, मधे जरा उघडली, पुन्हा बंद झाली. पडदा परत वर जायला 22 ऑक्टोबर 2021 उजाडला. तेवढा काळ घर हिच्या शिकवण्यांवर चाललं. पुढे ठाण्याचं गडकरी रंगायतन दुरुस्तीसाठी काही महिने बंद झालं आणि घराजवळच्या नाईट कमी झाल्या. घर भाड्याचं, करार अकरा महिन्यांचा. मुलगी चौथीत आहे आणि हे तिचं चौथं घर.

ऐरोलीच्या कंपनीचं ऑफर लेटर घेऊन मी तुमच्याकडे आलो, तो खरं तर "नको घेऊस" हे ऐकायला. काम काय, तर मीटिंग रूममधले प्रोजेक्टर, माइक आणि व्हिडिओ कॉल बघायचे. सोमवार ते शुक्रवार.

तुम्ही चष्मा लावलात, पण पत्र बाजूला ठेवलंत. मुलीची अर्धी कोरी वही मागवलीत, पट्टीने रेघा मारल्यात. "मागच्या बारा महिन्यांच्या नाईट लिही. आठवणीतून नको, फोनमधले मेसेज बघून." मे महिन्यात 26. जुलैत 8. गणपतीच्या महिन्यात 5. सगळ्या मिळून 171. त्यांचे मिळालेले पैसे तुम्ही बारा महिन्यांत वाटून दाखवलंत, महिन्याला सुमारे 21,400 रुपये. मला कुणी विचारलं असतं तर मी पस्तीस हजार सांगितले असते आणि ते मला खरेच वाटत होते, कारण डोक्यात मे महिना बसलेला.

मग पत्राची पाळी. त्यात सीटीसी, म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, 4,80,000 होता, म्हणजे मी महिना चाळीस हजार धरून बसलेलो. बँकेत तीस वर्षं काढलेला तुमचा हात पेन्सिलीने एकेक रक्कम वजा करत गेला. महिन्याचा मूळ पगार, म्हणजे बेसिक, 20,000. त्यावर कंपनीचा पीएफ 2,400, माझा 2,400, ग्रॅच्युइटीचे 962, प्रोफेशन टॅक्स 200. हातात सुमारे 34,000. "पीएफ तुझाच आहे, तो साठतोय. पण ग्रॅच्युइटी पाच वर्षं पूर्ण केल्यावर, ती आज मोजू नकोस." आणि लगेच पुढचा प्रश्न, "मेडिक्लेममध्ये आई आहे का?" मला ठाऊकच नव्हतं. आईला जुना मधुमेह. आपण स्वतः पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, हे तुम्ही सांगेपर्यंत मी कधी ऐकलं नव्हतं. तिथल्या तिथे कंपनीला मेल करायला लावलात. उत्तर आलं, आई बसते, पहिल्या दिवसापासून. तिचा हप्ता पगारातून कापणार.

एवढं करूनही तुम्ही "घे" म्हणाला नाहीत. हिला वर बोलावलंत आणि मला म्हणालात, "आता तू बोलायचं नाहीस."

ही म्हणाली, नाटक सोड असं मी कधीच म्हणणार नाही. पण रात्री दोनला कडी वाजेपर्यंत मला झोप लागत नाही, आणि भाडं थकलं की घरमालकांचा फोन मी उचलते. मग जरा थांबून म्हणाली, दोन वर्षांपूर्वी शाळेत पूर्णवेळ नोकरी चालून आली होती. तुझे दौरे, घरी सासूबाई आणि पोरगी. नाही म्हणून कळवलं.

काकू, हे मला माहीत नव्हतं. मी समजत होतो की आवडीचं काम एका पारड्यात आणि पगार दुसऱ्या, आणि तराजू माझ्या एकट्याच्या हातात. माझी आवड टिकावी म्हणून हिने आपली नोकरी सोडून दिली होती, तीही न बोलता. तुम्ही विचारलं नसतं तर ते आजही कळलं नसतं.

नोकरी घेतली. सही करायच्या आधी रविवारच्या प्रयोगांची परवानगी लेखी घे, हेही तुम्हीच बजावलंत. ते पत्र फाइलीत आहे. दौरे सुटले. ज्या नव्या नाटकाची मी वर्षभर वाट पाहिली होती, ते दुसऱ्या मुलाकडे गेलं. शुभारंभाला मी प्रेक्षागृहात बसलो होतो आणि प्रत्येक क्यूला मांडीवर माझी बोटं हलत होती. मुलाने काम फार चांगलं केलं. घरी येताना ही काही बोलली नाही, नुसता हात धरून चालली.

आता सकाळी ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी, दिघा गाव, मग ऐरोली. सातच्या आत घरी असतो. हिने जूनपासून शाळा धरली आहे. आणि घरमालकांनी करार वाढवून दिला, मुलीला पाचवीसाठी कुठे हलायचं नाही.

वही अजून तुमच्याकडेच आहे, ती मला हवी आहे. उरलेल्या पानांवर हिचाही पगार मांडायचा आहे.

येत्या रविवारी दुपारी चार वाजता गडकरीला त्या म्हातारीच्या नाटकाचा प्रयोग आहे. लाइट्सवर मी आहे. तुमच्या गुडघ्यांना चढ नको म्हणून खालचीच, कडेची खुर्ची सांगून ठेवली आहे. साडेतीनला रिक्षा घेऊन दाराशी येतो.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा