टकीला पातेल्यात नको, कपात घाला

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत थर्टी फर्स्टच्या पार्टीसाठी गरम मसाला टकीला पंचची रेसिपी आली होती, ती वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. पॅकेटमधला संत्र्याचा ज्यूस, त्यात चमचाभर तयार गरम मसाला आणि अख्खी बाटली टकीला, हे सगळं एकत्र करून दहा मिनिटं खळखळून उकळायचं असं त्यात दिलंय आणि वर "कॉलेजच्या ग्रुपसाठी बेस्ट" असंही छापलंय. मला यातल्या जवळपास प्रत्येक गोष्टीवर बोलायचंय, पण मुख्य मुद्दा एकच, टकीला पातेल्यात घालायची नसते.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं मेक्सिकोत ग्वादालाहारा शहरात होतो. हालिस्को राज्याची ही राजधानी, आणि टकीला हे ज्या गावाचं नाव आहे ते गाव तिथून साधारण साठ किलोमीटरवर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निळसर राखाडी आगावेची शेतं दिसत राहतात. आपल्याकडे बांधावर घायपात लावतात ना, त्याच कुळातलं झाड. ते काढणीला यायला सहा-सात वर्षं लागतात, मग पानं छाटून मधला गड्डा भाजतात, त्याचा रस आंबवतात आणि त्यापासून टकीला तयार होते. 2006 मध्ये युनेस्कोने त्या सगळ्या परिसराला जागतिक वारशात घेतलं. इतक्या वर्षांच्या मेहनतीची चीज भसाभसा उकळून हवेत घालवायची म्हणजे जीवावर येतं हो.

तिथे डिसेंबरात घरोघरी जे गरम पेय होतं त्याला पोंचे म्हणतात. 16 ते 24 डिसेंबर या नऊ रात्री पोसादा असतात, गल्लीतले लोक मेणबत्त्या घेऊन एखाद्या घरासमोर जमतात, बाहेरचे गाऊन आसरा मागतात, आतले गाऊनच नाही म्हणतात आणि शेवटी दार उघडतं. ही मेरी आणि जोसेफला बेथलेहेममध्ये जागा मिळत नव्हती त्याची आठवण, आणि प्रथा सुरू झाली ती 1587 मध्ये मेक्सिको सिटीजवळच्या आकोल्मानच्या मठातून. मग पोरं पिन्याता, म्हणजे आत खाऊ भरून टांगलेलं रंगीत मडकं, काठीने फोडतात आणि सगळ्यांना पोंचे मिळतं, तान्ह्याला घेऊन आलेल्या आईपासून ते काठी टेकत आलेल्या आजोबांपर्यंत सगळ्यांना.

आमच्या शेजारच्या काकू भल्यामोठ्या मातीच्या भांड्यात पोंचे करायच्या. भांड्याशेजारी स्टुलावर टकीलाची बाटली वेगळी ठेवलेली असायची. त्या डावाने कपात आधी फळं घालायच्या, उसाचा एक करवा उभा खोचायच्या, वरून रस ओतायच्या आणि मग मान वर करून विचारायच्या, "कोन पिकेते?" म्हणजे दारू घालू का. हो म्हटलं तर बाटलीतून एक धार, नाही म्हटलं तर कप तसाच हातात. दोन्ही कप दिसायला अगदी सारखे! आणि कोणी का नाही पीत, गोळ्या चालू आहेत का, उपास आहे का, गाडी चालवायचीय का, हे कुणी कुणाला विचारत नाही. काही घरांत रम असते, काही घरांत ब्रँडी, हालिस्कोत अर्थातच टकीलाही, पण भांडं मात्र बिनदारूचं.

मला हेच फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे पार्टी म्हटली की पिणारे पुरुष गच्चीवर, बायका किचनमध्ये, पोरं मोबाईल घेऊन बेडरूममध्ये आणि सासूबाई टीव्हीसमोर, एका घरात चार पार्ट्या चालतात. एका पातेल्याभोवती सगळे उभे राहतील असं काही आपण करू शकतो, आणि तुमच्या रेसिपीने नेमकं तेच मोडतं, कारण पातेल्यात बाटली ओतली की अर्ध्या घराने त्या पातेल्याकडे बघायचंसुद्धा नाही.

दुसरं म्हणजे सेफ्टी. दारू साधारण 78 अंशाला उकळते, पाण्याच्या बरीच आधी, त्यामुळे उकळताना तिची वाफ निघते आणि ती गॅसच्या ज्योतीवर पेट घेऊ शकते. शिवाय दहा मिनिटांत सगळी दारू उडतही नाही, किती उडाली किती उरली कळायला मार्ग नाही, म्हणजे कोण किती प्यायलं याचा हिशेबच राहत नाही. कपात 30 मिली मोजून घातली की प्रश्न मिटला. आणि कॉलेजच्या ग्रुपचं म्हणाल तर महाराष्ट्रात टकीलासारख्या दारूला वयाची अट 25 वर्षांची आहे आणि परमिटही लागतं, हे पुरवणी बघणाऱ्यांना माहीत असायला हवं होतं.

आता रेसिपी, कारण नुसती नावं ठेवून उपयोग नाही. मला तर वाटतं कोल्हापुरात पोंचे करायला मेक्सिकोपेक्षाही सोपं. तिकडे पिलोन्सियो नावाचा शंकूच्या आकाराचा गूळ वापरतात, उसाचा रस आटवून साच्यात ओतलेला, आपल्याकडे डिसेंबरात गुऱ्हाळं चालूच असतात, ताजा गडद गूळ घ्या, पिवळाधमक नको. पंधरा-वीस माणसांना चार लिटर पाणी, त्यात 350 ग्रॅमच्या आसपास गूळ, पाच-सहा लवंगा आणि दालचिनी. दालचिनी ते लोक श्रीलंकेची पातळ, पापुद्र्यांची वापरतात, आपल्याकडची जाड साल उग्र असते म्हणून बोटभर तुकडा पुरे. गूळ विरघळला की पाणी गाळून घ्या, बारीक खडे असतात.

मग कडक गोष्टी आधी. उसाचे बोटाएवढे करवे उभे चिरून, आणि तेहोकोते नावाचं एक छोटं पिवळं फळ असतं ते. इथे मिळत नाही, त्याच्याऐवजी घट्ट आंबटगोड सफरचंदाच्या मोठ्या फोडी घालायच्या. अर्ध्या तासाने काळे मनुके, सुके आलुबुखार, मूठभर लाल अंबाडीची सुकी फुलं आणि थोडासा चिंचेचा कोळ. चिंच जपून, आपली चिंच फार आंबट. अंबाडीच्या फुलांनी रंग असा काही येतो की बघतच राहावं, गडद लाल, काचेच्या कपात तर फारच सुरेख दिसतो. फुलं पातळ फडक्यात बांधून सोडली तर तोंडात येत नाहीत.

पेरू सगळ्यात शेवटी. पिकलेला पण घट्ट, वास सुटलेला, चार फोडी करून शेवटची पंधरा-वीस मिनिटं मंद आचेवर. आधी घातला तर त्याचा लगदा होतो आणि बिया सगळीकडे पसरतात. पेरू शिजायला लागला की पूर्ण घरभर जो वास सुटतो ना, त्यासाठी तरी एकदा करून बघाच. तयार गरम मसाला यात अजिबात घालू नका, त्यातली धणे-मिरी फळांचा जीव घेतात. पिताना चमचा द्यायचा म्हणजे फळं खाता येतात, आणि उसाचा चोथा टाकायला एक वाटी मध्ये ठेवायची.

टकीला घ्यायची तर बाटलीवर शंभर टक्के आगावे असं लिहिलंय का बघा, नसेल तर तिच्यातली 49 टक्क्यांपर्यंत साखर आगावेची नसून दुसरीकडची असू शकते. पंचसाठी रेपोसादो चांगली, ती ओकच्या लाकडी पिंपात किमान दोन महिने ठेवलेली असते, दालचिनी आणि गुळाशी छान जमतं तिचं. एक वर्षाहून जास्त मुरवलेली महाग आन्येहो यात घालू नका, ती नुसती प्यायची चीज आहे. आणि टकीला गॅसपासून लांब ठेवा.

पुढच्या अंकात कोपऱ्यात का होईना, दुरुस्ती नक्की छापा की दारू उकळू नये, कपात मोजून घालावी आणि 25 च्या खालच्यांना बिनदारूचंच द्यावं. लोक तुमच्या पुरवणीतल्या रेसिप्या कापून फ्रिजवर लावतात आणि थर्टी फर्स्ट अगदी तोंडावर आलाय.

आपली,
एक नियमित वाचक, कोल्हापूर