खाती क्लाउडवर, पासवर्ड चिठ्ठीवर

महोदय,

गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्यांचे संगणकीकरण सुरू आहे. केंद्राने जून 2022 मध्ये 63 हजार संस्थांसाठी 2,516 कोटींची योजना मंजूर केली. हिशेब क्लाउडवरच्या, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर इंटरनेटवरून चालणाऱ्या, सामायिक सॉफ्टवेअरमध्ये. चांगलेच आहे. आमच्या सोसायटीची जुनी खतावणी वाळवीने खाल्ली होती, पुढे वीज पडून कॉम्प्युटर जळाला तेव्हा नोंदीही गेल्या.

पण परवा पीककर्जाचा उतारा काढायला गेलो, तर मॉनिटरच्या कडेला पासवर्डची चिठ्ठी चिकटपट्टीने लावलेली. सचिव, ऑपरेटर आणि लाइन गेली की ज्याच्या दुकानातून काम चालते तो शेजारचा झेरॉक्सवालाही त्याच एका नावाने आत शिरतो. पूर्वी खतावणी चोरायला कपाट फोडावे लागे. आता ही चिठ्ठी वाचणारा कुठेही बसून सभासदांचा आधार, सातबारा, थकबाकी पाहू शकतो.

सर्व्हर, त्याची वीज, त्याचे कुलूप हे क्लाउडवाले पाहतात. कोणाला लॉगइन द्यायचे, काम सोडलेल्याचे कधी बंद करायचे, हे संस्थेनेच पाहायचे असते. आमच्या मासिक सभेत हा विषय कधी निघालाच नाही. सचिवांना विचारले तर म्हणाले, ‘‘भाऊ, सारं वरून सेफ हाय.’’ वरून म्हणजे कुठून, हे त्यांनाही ठाऊक नसावे.

लेखापरीक्षकांनी निदान एवढे तरी विचारावे, की प्रत्येकाला वेगळे लॉगइन आहे का आणि ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो. आमच्याकडे पासवर्ड बदलायचा तर ओटीपी मागच्या ऑपरेटरला जातो, आणि तो सध्या चाकणला कंपनीत आहे.

– एक सभासद शेतकरी, जि. यवतमाळ